सिनेमा सांगणारे पास्कल सर

पास्कल लोपीस सरांचं एक ठाम मत होतं. पाहिलेला सिनेमा दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो पाहून पूर्ण होत नाही. थिएटरातून बाहेर पडून मुकाट घरी जाणारी माणसं त्यांना अर्ध्या जेवणातून उठल्यासारखी वाटत.

"तीन तास बसलीस, आणि विचारलं तर म्हणतेस 'ठीक होता'? ठीक होता म्हणजे काय? कुठून सुरू झाला ते सांग," असं ते मला म्हणाले तेव्हा त्यांच्या हाताखाली नोकरीला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. मी श्रीवर्धनची, नवी नवरी, दुबईत येऊन दोन महिने झालेली. साहेब माणसाने सोमवारी सकाळी फाइलच्या ऐवजी सिनेमाचा हिशेब मागावा, हे मला नवीन होतं. मी चाचरत सुरुवात केली. पाचव्या वाक्याला त्यांनी थांबवलं. "नफीसा, ती मुलगी पळून गेली तेव्हा घरात कोण कोण होतं? ते तू सांगितलंच नाहीस. मग ती कुणाला सोडून गेली ते मला कसं कळणार?"

आमची कंपनी दुबईच्या रास अल खोर भागात होती, गाड्यांच्या सुट्या भागांची. पुढे दुकान, मागे गोडाऊन, वर माळ्यावर आमचं अकाउंट्स. सर फायनान्स मॅनेजर. बुटके, गोलसर, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. वसईच्या वाडीतला माणूस, पण बोलणं शुद्ध. मराठी शाळेत शिकल्याचा त्यांना अभिमान होता. सिनेमा सांगायला लागले की चष्मा कपाळावर ढकलत. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे. "तुम्ही दिसलात तर सिनेमा दिसत नाही," म्हणत.

त्यांच्या सांगण्याचे काही कायदे होते. नट-नटीचं नाव कधी घ्यायचं नाही. "नाव घेतलं की तुम्ही त्याचा चेहरा बघता, माझा माणूस बघत नाही." गाणं आलं की गायचं नाही, फक्त कळवायचं: "इथे गाणं आहे. बागेत. चहा घ्या." आणि शेवट बदलायचा नाही. एकदा आमच्या रिसेप्शनवरची मुलगी अगदी रडवेली होऊन म्हणाली, "सर, निदान आम्हाला सांगताना तरी तिला जिवंत ठेवा ना." सर म्हणाले, "मेली ती. मी काय करू? मी क्लोजिंग बदलत नाही. ना ऑफिसात, ना सिनेमात."

क्लोजिंग म्हणजे महिन्याअखेरीचं काम. त्या दोन दिवसांत आम्ही सगळे चिडलेले असायचो. चार वाजता सर चहा मागवत आणि एक सिनेमा सुरू करत. ऐन रंगात आला, खलनायक दारात उभा राहिला, की चष्मा खाली. "इंटरव्हल. उरलेला क्लोजिंग झाल्यावर. चला कामाला! यल्ला!" कुणी कितीही गयावया केली तरी पुढचा शब्द नाही. आमचं काम दुबईतल्या कुठल्याही ऑफिसपेक्षा लवकर का संपायचं, ते मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

हट्टी होते. पण त्या हट्टाला दुसरी बाजूही होती, ती मला खोर फक्कानला दिसली.

माझा नवरा इक्बाल त्याच कंपनीत ड्रायव्हर. खोर फक्कानच्या बंदरावर आमचा माल अडकला होता, कागदपत्रं घेऊन आम्ही तिघं गेलो. काम उरकून गाडीत बसणार एवढ्यात इक्बालला गावाहून फोन आला. त्याचे अब्बा सकाळी गेले होते. ते दिवस करोनामुळे विमानं बंद असल्याचे. जायचं म्हटलं तरी जाण्याची सोय नव्हती. इक्बाल फोन खिशात ठेवून गाडीची काच पुसायला लागला. स्वच्छ काच. पुसतच राहिला.

सर जवळ गेले. "चावी दे."

"सर, मी चालवतो. काही नाही."

"चावी दे, इक्बाल."

सरांनी कितीतरी वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. डोंगरातल्या त्या रस्त्याने ते साठच्या वर गेले नाहीत. मागून ट्रक हॉर्न देत राहिले. मी मागच्या सीटवर. पहिला बोगदा गेला तेव्हा सर म्हणाले, "गप्प राहू की बोलू?"

"बोला सर," इक्बाल म्हणाला. "काहीही बोला."

सरांनी एक विनोदी सिनेमा काढला. दोन भाऊ, एकच खानावळ, मध्ये पडदा. एकाकडचं गिऱ्हाईक दुसरा पडद्याखालून पाय ओढून पळवतो. गाडी चालवायची म्हणून चष्मा डोळ्यांवरच होता, त्यामुळे सांगणं नेहमीसारखं जमत नव्हतं. माणसांची नावं अदलाबदल होत होती. वाटेत कुठेतरी इक्बाल एकदम हसला. खरंच हसला. आणि त्या हसण्यातूनच त्याला रडू फुटलं. सरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, समोर डोंगराकडे बघत बसले. त्याच्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. बऱ्याच वेळाने इक्बालने नाक पुसलं तेव्हा म्हणाले, "पुढे सांगू?"

"सांगा."

दुबईत करामाला, आमच्या बिल्डिंगपाशी पोचेपर्यंत सांगत होते. त्यानंतर चाळीस दिवस रोज संध्याकाळी सर त्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून आमच्या पहिल्या मजल्यावर येत, अर्धा तास बसत. कधी सिनेमा सांगत, कधी नुसता चहा घेऊन जात. सांत्वनाचा एक शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. इक्बाल आजही म्हणतो, अब्बांचं दुःख मी सरांच्या शेजारी बसून काढलं.

रिटायर झाल्यावर बहुतेक माणसं इथून गाशा गुंडाळतात. सरांनी रिटायरमेंटचा व्हिसा काढला आणि करामातच राहिले. मुलगी शेरिल कॅनडात, लग्न होऊन दोन मुलांची आई. ती बोलवायची; सर म्हणायचे, येऊ, येऊ. दर मंगळवारी ते आणि त्यांची बायको लीना आँटी मेट्रोने दुपारच्या खेळाला जात. आँटींना सिनेमाचं फारसं वेड नव्हतं. "चाळीस दिरहम! म्हणजे हजार रुपये झाले की. आणि आतमध्ये नुसती थंडी," असं दर मंगळवारी बोलून त्या शाल घेऊन तयार होत. शनिवारी संध्याकाळी सरांच्या हॉलमध्ये आमची बिल्डिंग जमायची. आम्ही, वरचे मल्याळी टेलर, कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतला माणूस. सर हिंदीत सांगत, मध्येच मराठीत घसरत. टेलरना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

आणि एका सकाळी दात घासताना सर बेसिनजवळ कोसळले.

इक्बालनेच गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, पण तो हळूहळू सुधारेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी सरांनी डोळे उघडून आमच्याकडे नीट पाहिलं. आँटी वाकल्या. "पास्कल, मला ओळखलंस ना?"

सर म्हणाले, "यल्ला."

आँटी हसल्या. मग सरांनी पाणी मागितलं, तेही "यल्ला." पाय दुखतोय, "यल्ला." शेरिलचा फोन आला, तिला "यल्ला, यल्ला." तेव्हा आमच्या लक्षात आलं. एवढ्या सिनेमांच्या माणसाकडे एक शब्द उरला होता, आणि तोही अरबी. त्यांना समोरचं सगळं समजत होतं. आत शब्द होते, बाहेर येत नव्हते. डोळ्यांतून मात्र पाणी आलं नाही. ते भयंकर रागावले होते. डाव्या हाताची मूठ गादीवर आपटत होते.

शेरिल दहा दिवसांची रजा काढून आली. कर्तबगार मुलगी, सगळी कागदपत्रं तिने दोन दिवसांत मार्गी लावली. तिसऱ्या दिवशी बापाच्या पलंगावर बसून म्हणाली, "डॅडी, इनफ. यू आर कमिंग विथ अस."

सरांनी मान हलवली. नाही.

"व्हाय? हू इज हिअर?"

सरांनी डावा हात उचलून आमच्याकडे दाखवला, मग खिडकीकडे, खालच्या रस्त्याकडे. आणि जोराने: "यल्ला!"

शेरिल बाहेर येऊन माझ्यापाशी रडली. "नफीसा आँटी, ही कान्ट इव्हन स्पीक. इथे मम्मी एकटी काय करणार?" तिचं चुकत नव्हतं. शेवटी आँटींनी मध्यस्थी केली: सहा महिने बघू. तोवर तो चार माणसांत बोलायला लागला नाही तर मी स्वतः त्याला घेऊन येते. सरांनी ते ऐकलं. आँटींचा हात धरून तीनदा हलवला, जणू करारावर सही.

बोलणं शिकवायला रीम नावाची तरुण जॉर्डनी बाई यायची. तिने चित्रांची कार्डं आणली होती. सफरचंद, खुर्ची, मांजर. सर ती बघत आणि तोंड फिरवत. चौथ्या दिवशी त्यांनी मांजर जमिनीवर भिरकावलं. रीम दमली. "हबीबी, मग तुम्हाला काय म्हणायचंय?"

सरांनी डाव्या हाताने चष्मा कपाळावर ढकलला.

आँटींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. मीच रीमला इंग्रजीत समजावलं, की यांना सिनेमा सांगायचा आहे. तिने कार्डं पिशवीत टाकली. "ठीक आहे. कुठला?"

कुठला, ते आँटींनी ओळखलं. त्यांनी एकेक नाव घेतलं, सर मान हलवत राहिले, आणि "ट्रकवाला?" म्हटल्यावर थांबले. तेव्हा आँटींनी आम्हाला ती हकिकत सांगितली. सरांची आई वाडीत राबणारी बाई. केळी, पानवेली, मोगरा. तिने आयुष्यात थिएटर पाहिलं नव्हतं, वेळच नव्हता. नऊ वर्षांच्या पास्कलला मामाने सिनेमाला नेलं, तो धावत घरी आला आणि विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसलेल्या आईसमोर उकिडवा बसून त्याने सगळा सिनेमा सांगितला. ती मान वर न करता विचारायची: तिने लुगडं कुठल्या रंगाचं नेसलं होतं? पोराला ताप होता तर कपाळावर कुणी हात ठेवला का? उत्तर आलं नाही तर म्हणायची, मग तू नीट बघितलंच नाहीस. पुढे ती असेपर्यंत प्रत्येक सिनेमा त्याने तिच्यासाठी पाहिला. शेवटच्या आजारपणात तिने पहिलाच पुन्हा मागितला होता, ट्रकवाल्याचा.

रीमला मराठी येत नव्हतं, म्हणून परीक्षक आम्ही. ऑफिस सुटलं की मी थेट वर जायची. नियम रीमने घातला: शब्द अडला तर कुणी पुरवायचा नाही. कितीही वेळ लागो.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत आलं ते एवढं: "घाट." सर घामाने भिजले होते. आँटींनी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि पुन्हा म्हणाले, "घाट." ते खात्री करून घेत होते की तो खरंच आपल्याच तोंडातून आला.

आठवड्याने "घाट. धुकं. ट्रक." महिन्याने "बाई उभी." "बाई"च्या जागी कधी "बस" येई, कधी "भाजी". चुकलं की त्यांना कळायचं, तेच जास्त वाईट होतं. मूठ आपटायचे, आणि मागे जाऊन "घाट"पासून सुरू करायचे. कधी एका "पोर" या शब्दासाठी सगळी संध्याकाळ जायची. मला ऐकवत नसे. एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, आज राहू दे. उद्या करू."

सरांनी तोंड वाकडं करत, एकेक अक्षर ओढत काढलं: "क्लो... झिंग."

मी हसले आणि तोंडावर ओढणी घेतली. क्लोजिंग झाल्याशिवाय घरी जायचं नसतं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

चौथ्या महिन्यात वाक्यं आली. मोडकी, क्रियापद पुढे, कर्ता मागे. पाचव्या महिन्यात दोन आठवडे काहीच पुढे सरकेना. डॉक्टर म्हणाले, कदाचित इथपर्यंतच. आँटींनी कॅनडाच्या थंडीसाठी कोट विकत आणले. सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेपाचला त्यांनी बाथरूमचं दार लावून आरशासमोर सराव सुरू केला. खाली आमच्या बाथरूमच्या झरोक्यातून तो आवाज येई. घाट. धुकं. ट्रक. बाई उभी. इक्बाल फज्रच्या, पहाटेच्या नमाजाहून परत येऊन तिथे उभा राहून ऐके आणि अडलेल्या जागी ओठ हलवे.

सहा महिने पुरे व्हायला चार दिवस असताना, शनिवारी, सरांनी बिल्डिंग बोलावली. शेरिलही आली होती, दोन्ही मुलांना घेऊन. ती न्यायच्या तयारीने आली होती. सर खुर्चीत बसले. चष्मा वर गेला.

"घाट. धुकं. ट्रक... येतो. बाई उभी. मध्ये. रस्त्याच्या मध्ये. हातात पोर."

ट्रकवाल्याला माल वेळेवर पोचवायचा असतो. तापलेलं पोर घेतलेली ती परकी बाई त्याला हॉस्पिटलच्या गावाकडे वळायला लावते. एवढीच गोष्ट. सरांना ती सांगायला सव्वादोन तास लागले. टेलर मांडी न बदलता बसले होते. मध्ये एकदा सर म्हणाले, "इथे... गाणं. चहा," आणि सगळे इतके जोरात हसले की ते स्वतः गोंधळले.

शेवटाकडे अडकले. ट्रकवाला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलाय, बाई बाहेर येते, आणि ती त्याला काही म्हणते. तो शब्द येईना. एक मिनिट गेलं. दोन. इक्बाल पुढे सरकला. रोज सकाळी ऐकून त्याला तो पाठ होता. सरांनी डावा पंजा वर केला. थांब. शेरिल तोंडावर हात ठेवून बसली होती.

"ती म्हणते," सर म्हणाले, "'तुझं... नाव... विचारायचं... राहिलं.'"

आणि मग चष्मा खाली घेऊन, स्पष्ट: "संपला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेरिलचा धाकटा मुलगा, सात वर्षांचा, त्याला आईने कानात सांगितलं तेवढंच कळलं होतं, तो म्हणाला, "ग्रँडपा, डिड द बेबी लिव्ह?" सरांनी त्याला जवळ ओढलं. "येस," म्हणाले. "लिव्ह्ड." शेरिल उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि आँटींना म्हणाली, "कोट परत करून टाक, मम्मी."

सर त्यानंतर सव्वादोन वर्षं करामात राहिले. बोलणं पूर्ण सुधारलं नाही. पण शनिवार चालू राहिले, फक्त आता एक सिनेमा दोन शनिवार चालायचा. मंगळवारी ते पुन्हा थिएटरात जाऊ लागले. गुडघे दुखतात म्हणून आँटी घरी, आणि सर काठी घेऊन एकटे. ते गेले तेही मंगळवारीच, दुपारी, झोपेत. शेरिलने फोन केला तेव्हा आम्ही शारजाला राहायला गेलो होतो, तीन आठवड्यांपूर्वीच.

घर बदललं त्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. निरोप आदल्या संध्याकाळीच घेऊन झाला होता. सामान पुढे गेलं होतं, मी आणि इक्बाल गाडीत. सिग्नलला थांबलो तर पलीकडे बस स्टॉपवर सर उभे. शेजारी बाकावर सफाईचा हिरवा गणवेश घातलेली एक बाई, तिला मी कधी पाहिलं नव्हतं. सरांची काठी बाकाला टेकवलेली, डावा हात हवेत. सिनेमात कुणीतरी दार ढकलत असावं. इक्बालने काच खाली केली, पण हाक मारली नाही. बस आली, दार उघडलं. बाईने बसकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने हाताने त्याला जा म्हणून खूण केली आणि बाकावर नीट मागे सरकून बसली.